रंगारी सरांचा होकार

"सर, तुम्ही बाई आहात का?" दीप्ती मॅडमनी विचारलं, आणि बाबांनी डाव्या हातातली पेन्सिल पाटीवर टेकवून सावकाश दोन आडव्या रेघा ओढल्या. एकाखाली एक, सारख्या लांबीच्या. बरोबरचं चिन्ह. आमच्या घरात गेले काही महिने त्याचा अर्थ 'हो'. मला हसूच आलं. म्हटलं, घ्या, सरांनी मॅडमची फिरकी घेतली. सगळी नोकरी महानगरपालिकेच्या शाळेत पोरांच्या फिरक्या घेण्यात गेलेला माणूस, त्याला असले प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार. पण दीप्ती मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ओल्या कापसाने पाटी पुसली आणि त्याच आवाजात विचारलं, "आपण आत्ता नागपुरात आहोत का?" दोन रेघा. "आपण आत्ता जहाजात बसलोय का?" दोन रेघा. "ही तुमची मुलगी माया?" दोन रेघा. मग माझ्याकडेच बोट दाखवून, "ही तुमची आई?" बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चांगलं ओळखीचं पाहणं होतं ते, रोज सकाळी चहा घेऊन गेल्यावर पाहायचे तसं. आणि त्यांनी दोन रेघा ओढल्या. रेघा सुरेख होत्या. उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने इतक्या सरळ रेघा कोणी काढून दाखवाव्यात. माझं हसू तोंडावर तसंच राहून गेलं आणि ते मिटवायचं कसं ते मला कळेना.

दीप्ती मॅडम या दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून ज्यांचं बोलणं जातं त्यांना त्या बोलायला शिकवतात. त्यांना बोलावणं गेलं ते माझ्यामुळेच. बाबांची साखर जुनी, त्यात आठ-दहा दिवसांपूर्वी उजव्या पायाची बोटं काळी पडली आणि तो काळेपणा वर सरकू लागला. फाइलीवर कोणीतरी ए.के.ए. अशी तीन अक्षरं लिहून ठेवली होती. मी नर्सला विचारलं हे काय, तर तिने तोंडाने काही न सांगता स्वतःच्या मांडीवर हात आडवा फिरवून दाखवला. गुडघ्याच्या वरून. अख्खा पाय तीन अक्षरांत. काल संध्याकाळी मी बाबांच्या उशाशी बसून विचारलं होतं, "बाबा, डॉक्टर पाय कापाचा म्हणून राहिले. कापू द्याचा का?" त्यांनी बरोबरचं चिन्ह काढलं. मी त्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला आणि सर्जनला नेऊन दाखवला. माझ्या वडिलांनी स्वतः होकार दिलाय, म्हटलं. ते बोलत नाहीत, पण गणिताच्या चिन्हांत सगळं सांगतात. केवढ्या तोऱ्यात म्हटलं मी ते. सर्जन तरुण होता, सभ्य होता. "छान," म्हणाला, "उद्या सकाळी आमच्या मॅडम एकदा बघून घेतील."

बाहेर व्हरांड्यात दीप्ती मॅडमनी माझ्या दंडाला हात लावला तेव्हाच मला कळलं की काहीतरी संपलंय. "तुम्ही खूप मेहनत घेतलीय त्यांच्यावर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यांना गणित येतं, मॅडम. परवा तीन आकडी वजाबाकी करून दाखवली." "येत असेल. आकडेमोड शाबूत राहू शकते, तिची जागा वेगळी असते. पण प्रश्न समजून हो म्हणणं वेगळं. हाताला एक खूण सापडली की हात तीच काढत राहतो. कधीकधी त्यांना कळतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण कधी कळलं आणि कधी नाही, हे त्या खुणेवरून आपल्याला सांगता येणार नाही." मी विचारलं, "मग कालचा होकार?" "तो धरता येणार नाही. सही तुमच्यापैकी कोणाची तरी लागेल. आणि संध्याकाळच्या आत." त्यांच्या बोलण्यात कुठेही तुसडेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

खाली बाकावर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, मी हातानेच 'आलेच' अशी खूण केली आणि बाहेर पडले. कॅशलेसच्या कागदांसाठी ऑफिसातून विम्याचं कार्ड आणायचं होतं, हे खरंच होतं, पण त्याला दुपारपर्यंत वेळ होता. धंतोलीतून सीताबर्डीपर्यंत मी तशीच उन्हात चालत गेले. एप्रिलचं नागपूरचं ऊन, डोक्याला दुपट्टा नाही, काही नाही. दुकानांवर पाट्या: ५०% सूट, ३०% + १०% सूट. ती टक्क्याची खूण, दोन शून्यं आणि मधली तिरकी काडी, दुकानादुकानावर लावलेली. कोणाला काय कळत असेल. तीस अधिक दहा म्हणजे चाळीस नव्हे, सदतीस, हे बाबा दर वेळी इथून जाताना दुकानदाराला सांगायचे आणि दुकानदार "हो सर, हो सर" म्हणायचा. मी लहानपणी लाजून पुढे पळायचे. आज मला त्या दुकानदाराचं 'हो' आठवलं. ऑटो केला आणि धरमपेठेत आले.

आमचं ऑफिस म्हणजे म्युच्युअल फंडांची विक्री करणाऱ्या एका माणसाच्या दोन खोल्या. मी तिथे बारा-तेरा वर्षं आहे. आत गेले तर माझ्या टेबलासमोर स्वानंद एका म्हाताऱ्या जोडप्याला समजावत होता. एसआयपी अशी, एनएव्ही अशी, मग तुमचा एक्सआयआरआर असा निघतो. पोरगा हुशार आहे, मीच शिकवलंय त्याला. "समजलं ना काका?" काका म्हणाले, "हो हो." काकूंनीही मान हलवली. मी ड्रॉवरमधलं कार्ड शोधत होते आणि माझे हात थांबले. हे 'हो' तर मला पाठ आहे. हेच 'हो' विकून मी पगार घेते. समोरच्याला अक्षर कळलेलं नसतं, पण शिकल्या-सवरल्या बाईने गोड बोलून विचारलंय, तिचा हिरमोड कशाला, म्हणून माणूस हो म्हणतो आणि दाखवाल तिथे सही करतो. इतकी वर्षं रोज रिकामं 'हो' पाहणारी मी, ते माझ्या बापाच्या पाटीवर आलं तर मला ओळखू आलं नाही. काकांना ओरडून सांगावंसं वाटलं की सही करू नका, घरी जा, विचार करा. कार्ड पर्समध्ये टाकलं आणि जिन्यात येऊन बसले.

बाबांना माझ्या धंद्यातली ही आद्याक्षरं कधी आवडली नाहीत. "चिन्ह कसं राहते वं माया," ते म्हणायचे, "उघडं राहते. दोन रेघा सारख्या, म्हणून बरोबर. लेकराले बी दिसते. अन् तुमचं हे एन, ए, व्ही म्हंजे आत बसून कडी लावल्यावानी. ज्याले ठाऊक त्याले ठाऊक, बाकीच्यायनं बाहेर उभं राहावं." एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "मंग तुमचं द.सा.द.शे. काय होतं बाबा?" सरळव्याजाच्या उदाहरणात यायचं ते: दर साल दर शेकडा. बाबा अडकले. घास हातात तसाच धरून विचार करत राहिले, आणि मग इतके हसले की आईने पाठीवर थापट्या मारल्या. "हरलो बा," म्हणाले. सायकलच्या नळीवर बसवून शाळेत नेताना तेच मला म्हणायला लावायचे, दर साल दर शेकडा, दर साल दर शेकडा, पॅडलच्या ठेक्यावर. मला व्याज कळत नव्हतं, मुद्दल कळत नव्हतं, पण म्हणायला मजा यायची. आमच्या आजोबांनी, नत्थूजींनी, गिरणीत जन्म काढला. त्यांना आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. पोराने फळ्यावर चिन्हं लिहावीत याचं त्यांना एवढं अप्रूप की ते शाळेच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे म्हणे. असा हा माझा बाप. हिवाळ्यात एका सकाळी अंघोळीहून आला, टॉवेल मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसता आवाज आला.

चिन्हांची गोष्ट सुरू झाली ती दवाखान्यातून नंदनवनच्या घरी आणल्यावर. आई भात वाढत होती, ते ताट सरकवत होते, आई म्हणत होती, "घ्या ना, अंगात ताकद कशी येईन," ते चिडून आवाज करत होते. आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट वरणात बुडवून ताटाच्या काठावर एक आडवी रेघ ओढली. आईला वाटलं वरण सांडलं. मी उभीच राहिले. "बाबा, वजा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यावर मी पुढचे सगळे महिने काढले, खोटं कशाला सांगू. त्याच संध्याकाळी बर्डीवर जाऊन पाटी आणली. अधिक म्हणजे अजून हवं. वजा म्हणजे पुरे. बरोबरचं चिन्ह म्हणजे हो, आणि त्यावर तिरकी रेघ मारली, 'बरोबर नाही'चं चिन्ह केलं, की 'नाही'. उशा दोन्ही बाजूंनी लावायच्या असल्या की कंस. शेजारच्या तुळसाबाई एकदा बसल्या की उठतच नाहीत, त्यांचं नाव अनंत, आडवा पडलेला आठ. तीन टिंबं म्हणजे 'म्हणून', म्हणजे मुद्द्यावर या. बाबांनी तुळसाबाईंसमोरच आडवा आठ काढला तेव्हा मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो होतो. आई चौथी शिकलेली. तिनेही अधिक, वजा, हो, नाही पाठ केलं, आणि मला एकदा दबक्या आवाजात विचारलं, "माया, 'जेवले का' असं विचाराले काही चिन्ह नाही का वं?" तिला नवऱ्याशी बोलायचं होतं आणि तो बोलत होता फक्त मुलीशी. मला त्याचा गर्व होता. तोही सांगून टाकते.

आता जिन्यात बसून मी एकेक चिन्ह उलटं सोलत गेले. नाइलाज होता, थांबताच येईना. आडवा आठ तुळसाबाई आहेत असं पहिल्यांदा कोण म्हणालं? मी. बाबांनी एक वेटोळं काढलं होतं, मी हसले, मग पुन्हा त्यांनी तेच काढलं कारण मी हसले होते. तीन टिंबांना 'म्हणून' कोणी केलं? पेन्सिल तीनदा टेकली असेल. कंस म्हणजे उशा? दोन वाकड्या रेघा. वरणातली वजाबाकी? बोट पुसलं असेल त्या माणसाने. दर वेळी ते एक रेघ ओढत होते आणि पुढचं सगळं वाक्य मी म्हणत होते, आणि मग माझंच वाक्य ऐकून त्यांचं उत्तर मिळाल्यासारखी खूश होत होते. भूमितीच्या वहीत बाबा ज्या चुकीवर सगळ्यात जास्त चिडायचे ती हीच. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार मथळे, आणि पोरगं काय करायचं, जे सिद्ध करायचं तेच दुसऱ्या ओळीत गुपचूप धरून चालायचं. मग सिद्धता धडाधड उतरते, अडतच नाही कुठे. बाबा लाल पेनाने लिहायचे: साध्य गृहीत धरले. गुण शून्य. ते म्हणायचे, "न येणाऱ्या पोराच्या हातून हे होत नाही. ज्याले उत्तर फार पाहिजे राहते ना, त्याच्याच हातून होते." माझे बाबा आत आहेत, हे मला फार पाहिजे होतं. एवढंच.

पण सगळं सोलून झाल्यावरही एक गोष्ट सोलली जात नव्हती, आणि तोच खरा छळ होता. दीप्ती मॅडम म्हणाल्या, कधीकधी कळतही असेल. म्हणजे त्या रेघांच्या ढिगाऱ्यात पाच-सहा, दहा, माहीत नाही किती, खऱ्या असतील. एखाद्या वेळी त्यांनी खरंच मला काही सांगितलं असेल. आणि कोणत्या वेळी, हे आता कधीच निवडता येणार नाही. मेलेल्या माणसासाठी रडून मोकळं होता येतं. हा माणूस जिवंत आहे, रोज माझ्याकडे पाहतो, आणि माझ्याशी बोलला की नाही तेच मला माहीत नाही. जिन्यात बसून मी रडले. वरून ते काका-काकू सह्या करून उतरत होते. काकूंनी विचारलं, "बरं नाही का बाई?" मी म्हटलं, हो.

प्रीतमला, माझ्या धाकट्या भावाला, तिथूनच फोन लावला. तो हैदराबादेत असतो, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघणार होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "अवं ताई, त्यात विचाराचं काय आहे? पाय पाहिजे का बाबा पाहिजे?" मी म्हटलं, "पाय त्यायचा आहे, प्रीतम." "ते बोलू शकत नाही ना पण. मंग आपणच बोलाचं. तू सही कर, मी आहो ना संग." संग म्हणजे फोनवर. तो वाईट नाही. त्याला जे दिसत होतं ते बरोबरच होतं. पण मला आठवत होतं की बाबांच्या शाळेतल्या एका शिपायाचा पाय असाच गेला होता, आणि त्याला भेटून आल्यावर बाबा दोन दिवस जेवले नव्हते. "माह्यावर अशी वेळ आली तर मले जाऊ देजा," असं म्हणाले होते. मग तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "माणूस उगाच काहीतरी बोलते, लक्ष देऊ नका." तेव्हा त्यांच्याकडे सगळे शब्द होते, आणि तरी त्यांचा होकार कोणता नि नकार कोणता हे कोणाला ठरवता आलं असतं?

दवाखान्यात परत आले तेव्हा आई त्याच बाकावर होती. डबा उघडलेला नव्हता. "काय म्हणे वं ते मॅडम?" तिने विचारलं. मी कागद काढायचं निमित्त करून पर्समध्ये पाहत राहिले. "तपासलं त्यायनं." "मंग?" ती म्हणाली, "हे पाह्य, मले काही कळत नाही, पाय जाईन तर हे कसे जगतीन, मले ठाऊक नाही. पण यायच्या मनाच्या उलटं नको करू. जन्मभर यायनं माह्या मनाच्या उलटं केलं नाही. तू विचारलं ना यायले? हो म्हटलं ना?" तिचा माझ्यावर केवढा विश्वास. मला तिथे खाली बसून सांगावंसं वाटलं की आई, त्यांनी मलाही आई म्हटलंय, स्वतःला बाई म्हटलंय, हे जहाज आहे म्हटलंय. सांगितलं असतं तर तिने सही करू दिली नसती, आणि दोन दिवसांत ते गेले असते. आणि तिच्याकडे उरलेलं ते 'अधिक', 'वजा', 'हो', 'नाही' पण गेलं असतं. "हो म्हटलं," मी म्हणाले. "पाटीवर काढून दाखवलं. तू पण पाहिला ना फोटो." तिने डोळे मिटले आणि डबा उघडला. "मंग कर बाई," ती म्हणाली, "त्यायचीच मर्जी असन तर." वर जाऊन मी सही केली. रुग्णाशी नातं: मुलगी.

ऑपरेशन चांगलं झालं, म्हणजे सर्जन तसं म्हणाला. प्रीतम आला, धावपळ केली, औषधं आणली, बाबांच्या कपाळावर हात ठेवून रडला आणि बाहेर जाऊन चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी बाबा पुरते शुद्धीवर आले. सकाळची वेळ होती, आई उशाशी, मी पायथ्याशी. त्यांनी चादरीवरून नजर खाली नेली. डाव्या बाजूला पायाचा उंचवटा होता. उजव्या बाजूला चादर अर्ध्यावर सपाट होती. तिथे त्यांनी फार वेळ पाहिलं. मग त्यांचा डावा हात गादीवर काही चाचपू लागला, आणि काय पाहिजे ते माझ्या आधी आईला कळलं. तिने पाटी दिली, पेन्सिल बोटांत धरवली. दोन आडव्या रेघा. मी श्वास सोडला. मग त्यांनी त्या रेघांवरून एक तिरकी रेघ ओढली, जोरात, पेन्सिलीचं टोक तुटलं. त्याखाली पुन्हा दोन रेघा आणि तिरकी. त्याखाली पुन्हा. दीप्ती मॅडमच्या प्रश्नांना हे एकदाही आलं नव्हतं. पाटी भरली तशी मी घाईने पुसली, त्यांनी परत भरली. मी व्हरांड्यात धावत जाऊन दीप्ती मॅडमना गाठलं. "होतं असं," त्या म्हणाल्या, "एक खूण सुटते, दुसरी धरते. तुम्ही अर्थ लावत बसू नका." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एरवी देवाकडे काही न मागणारी मी, इतके महिने मागत होते की या रेघांना अर्थ असू दे, आणि आता त्याच तोंडाने म्हणत होते, नसू दे, एकाही रेघेला नसू दे.

खोलीत आले तर आई पाटी दोन्ही हातांत धरून बसली होती. "माया," ती म्हणाली, "हे तर 'नाही' होय ना वं?"

"त्याले अर्थ नाही आई. मॅडमनं सांगतलं. हात आपोआप काढते."

आईने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् पाय कापाच्या आधी 'हो' काढलं होतं," तिने विचारलं, "तेही आपोआपच का?"

तिने उत्तराची बरीच वाट पाहिली. मग उठून बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली, पाय नव्हता तिथेही, आणि पाटी पुन्हा त्यांच्या हाताखाली ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत भरली. या वेळी पुसायला माझा हात उठला नाही.